हौद्यात चढली की माल

शर्यतीची गाडी रस्त्यावर चालवायची नसते, एवढं मला ठाऊक होतं. मग ती वसईहून शर्यतीच्या ट्रॅकपर्यंत न्यायची कशी, हे विचारायला लागले तेव्हा भेटेल त्याच्याकडे वेगळं उत्तर होतं आणि प्रत्येकाला आपलंच उत्तर पक्कं वाटत होतं. कुणी म्हणालं, दोर बांधून ओढत न्या. कुणी म्हणालं, मागे ट्रॉली लावा, स्वतःच्या कामाला कोण अडवतंय? आणि एका ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याने बजावलं, पिवळ्या पाटीशिवाय गाडीवर गाडी चढवलीत तर दहा हजारांना मुकाल. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. नियम म्हटला की तो नेमका कुठे लिहिलाय ते पाहायची सवय आहे. ते पाहायला बसले आणि गोंधळ कमी होण्याआधी खूप वाढला. तो सगळा गोंधळ इथे लिहून ठेवते आहे, कारण वसई-विरार पट्ट्यात जुनी गाडी विकत घेऊन शर्यतीचा नाद लावून घेणारी पोरं मला आता दर दुसऱ्या गल्लीत दिसतात. त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी ही कलमं पाहिली असतील.

आमची गाडी मारुती एस्टीम. धाकटा भाऊ आणि मी, दोघांच्या पैशांतून घेतलेली. २००७ च्या सुमारास कंपनीने हिचं उत्पादन थांबवलं, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक एस्टीम पंधरा वर्षांच्या पुढची. वजनाला हलकी, सुटे भाग मिळतात आणि हौशी शर्यतवाल्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून शिकायला बरी. आमच्या गाडीतल्या मागच्या सीटा, गालिचा, दारांची अस्तरं सगळं काढलं. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, वेल्ड करून बसवला. एकच बकेट सीट आणि खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून येणारा पट्टा.

हे सगळं झालं त्याच दिवशी ती गाडी रस्त्याची उरली नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रात लिहिलेल्या, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच ठणकावून सांगितलं. नोंदणीच टिकत नसेल तर कलम ३९ प्रमाणे ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. गाडी कायमची वापराबाहेर गेली असेल तर चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. ते कलम ५५. आम्ही ते रीतसर केलं आणि त्याचा कागद जपून ठेवला. पुढे तोच कागद सगळ्यांत जास्त उपयोगी पडला.

शर्यत मात्र लांब. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी संमतीशिवाय वेगाची चढाओढ करणं कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळेलाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हे योग्यच आहे. रात्री महामार्गावर मोटारसायकली पळवणाऱ्या मुलांमुळे या खेळाचं नाव किती खराब झालंय ते मी रोज ऐकते. खरी शर्यत बंदिस्त ट्रॅकवर, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना काढून, हेल्मेट आणि आगीला दाद न देणारा पोशाख घालून होते. असे ट्रॅक देशात बोटांवर मोजण्याइतके. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट, आणि कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, ज्याला एस. करिवर्धन यांचं नाव आहे. भारतात स्वस्तातली फॉर्म्युला मारुती गाडी घडवणारा हा माणूस १९९५ मध्ये विमान अपघातात गेला. आम्हाला जायचं होतं कोइमतूरला. वसईहून बाराशे किलोमीटरहून अधिक.

दोराने ओढण्याचा पर्याय पहिल्यांदा बाद झाला. दुसऱ्या गाडीने ओढून न्यायची सवलत वाटेत बंद पडलेल्या गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी आहे. तीन राज्यांतून शर्यतीला जाणारी धडधाकट गाडी त्यात बसत नाही.

मग ट्रॉली. वालीवच्या औद्योगिक पट्ट्यात लोखंडी काम करणारा एक कारागीर भेटला. मालाची पारख असलेला माणूस. आमच्या गाडीची लांबी-रुंदी त्याने स्वतः टेपने मोजली आणि म्हणाला, “ताई, आठवड्यात उभी करून देतो. सी-चॅनेलचा सांगाडा, चार चाकं, मागे दोन रॅम्प. तुमच्या मोठ्या गाडीच्या हुकाला अडकवायची की झालं.”

“आणि पासिंग?”

“ते मात्र तुम्ही बघा. मी लोखंडाचं सांगतो, कागदाचं नाही.”

त्याचं हे स्पष्ट बोलणं मला आवडलं. कागदाचं पाहिल्यावर कळलं की कायद्याच्या नजरेत ट्रॉली ही हुकाला अडकवलेली वस्तू नसून स्वतंत्र वाहन आहे. कलम ६१ प्रमाणे तिची वेगळी नोंदणी लागते, तिचा स्वतःचा नंबर तिच्या अंगावर रंगवावा लागतो, आणि शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबर तिच्या पाठीवर दिसावा लागतो. ट्रेलरसाठी सुरक्षेची मानकंही आहेत, वजनाप्रमाणे वर्ग पाडलेले आहेत: ७५० किलोपर्यंतचे एका वर्गात, त्यावर साडेतीन टनांपर्यंतचे दुसऱ्या. आमची गाडी अधिक ट्रॉलीचं वजन धरलं तर आम्ही सरळ दुसऱ्या वर्गात. तिथे ब्रेक, दिवे, परावर्तक पट्ट्या, हुकाची ताकद, सगळं तपासणीत येतं. आणि ते यायलाच हवं. दीड टनाचं ओझं मागून ढकलत असताना नुसत्या पुढच्या गाडीच्या ब्रेकवर कसारा किंवा खंबाटकी घाट उतरायची कल्पना करा.

विरार पूर्वेला चंदनसारला आपलं परिवहन कार्यालय आहे, एमएच ४८ चं. तिथल्या एका मोटार वाहन निरीक्षक मॅडमनी मला जेवणाच्या सुट्टीआधीचा वेळ दिला. मी वहीत लिहून नेलेले प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारलं, “तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे?”

मी म्हटलं, “मॅडम, आमचा धंदा नाही. भाडं घेत नाही, विकत नाही, बक्षीस मिळालं तरी टायरचा खर्चसुद्धा निघणार नाही. मग आम्हाला कमर्शियलचे नियम लागतात का?”

त्यांनी कायद्याचं पुस्तक माझ्यासमोर ठेवून दुसऱ्या कलमातल्या व्याख्या वाचायला सांगितल्या. माल म्हणजे काय? जिवंत माणसं सोडून वाहनातून नेलं जाणारं काहीही, जनावरंसुद्धा. वगळलंय फक्त वाहनासोबतचं नेहमीचं साहित्य, प्रवाशांचं सामान, आणि मोटारीत किंवा मोटारीला जोडलेल्या ट्रेलरमध्ये नेलेलं वैयक्तिक सामान. मालवाहू वाहन म्हणजे काय? फक्त माल नेण्यासाठी बांधलेलं वाहन, किंवा तसं बांधलेलं नसलं तरी मालासाठी वापरात असताना कुठलंही वाहन. आणि मालवाहू वाहन हे परिवहन वाहन. परिवहन वाहनाला कलम ६६ प्रमाणे परमिट.

“यात नफा हा शब्द कुठे दिसला?” मॅडमनी विचारलं.

नव्हता. मी तीच पानं पुन्हा वाचली. कायदा विचारतो, वाहन कशासाठी बांधलंय आणि आत्ता त्यात काय आहे. कुणाच्या खिशात पैसे जातात हे तो त्या ठिकाणी विचारत नाही. माझ्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे होतं. मी, आणि मला सल्ला देणारे बहुतेक जण, खाजगी म्हणजे बिनधंद्याचं आणि कमर्शियल म्हणजे धंद्याचं असं धरून चाललो होतो.

मग ट्रेलरमधल्या वैयक्तिक सामानाच्या त्या अपवादाचं काय? आमची गाडी आमचं वैयक्तिक सामान नाही का? मॅडम म्हणाल्या, “तुम्ही तसं म्हणू शकता, आणि वाद घालायला जागा आहे. पण रात्री दोन वाजता परराज्यात गाडी थांबवणाऱ्या अधिकाऱ्याने ते मान्य केलंच पाहिजे असं मी सांगू शकत नाही. ज्याच्यावर वाद होईल असा कागद घेऊन बाराशे किलोमीटर जाऊ नका.” इतकं व्यवहारी आणि प्रामाणिक उत्तर मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

संध्याकाळी बाबांना हे सांगितलं. बाबा एसटीत चालक होते, अर्नाळा आगारातून निवृत्त झाले. ते म्हणाले, “पूर्वीच्या ट्रकांवर ‘पब्लिक कॅरिअर’ असं लिहिलेलं असायचं, आठवतं का? काहींवर प्रायव्हेट कॅरिअर.” आठवलं. शोधलं तर त्याचा उलगडा झाला. १९३९ च्या जुन्या कायद्यात दुसऱ्याचा माल भाड्याने नेणारा सार्वजनिक वाहक आणि स्वतःच्या व्यवसायाचा माल नेणारा खाजगी वाहक असे वेगळे परमिट होते. १९८८ च्या कायद्याने ती विभागणी मोडून दोघांना मालवाहू वाहन या एकाच नावाखाली आणलं. लोकांच्या डोक्यात मात्र जुनी विभागणी तशीच आहे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो आणि तिथल्या हौशी शर्यतींना जातो. त्याला फोन केला. तिथे कायदा उलट बाजूने बघतो. वैयक्तिक मालमत्तेची अधूनमधून होणारी वाहतूक, मोबदला न घेता आणि धंद्यासाठी नसेल, तर संघराज्याच्या व्यापारी वाहतूक नियमांतून सुटते. पण तिथल्या वाहतूक खात्याने घोड्यांच्या आणि गाड्यांच्या शर्यतींबद्दल जे मार्गदर्शन लिहून ठेवलंय त्यात अटी आहेत: शर्यतीचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करायचा नाही, आणि कंपनीचं प्रायोजकत्व असेल तर सवलत गेली. म्हणजे बॉनेटवर एका टायर कंपनीचं चित्र चिकटवलं की प्रश्न निर्माण होतो. शिवाय गाडी आणि ट्रेलरची मिळून नोंदलेली क्षमता १०,००१ पौंडांवर, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास गेली की ते वाहन व्यापारी वर्गात मोजायला सुरुवात होते. तिकडच्या हौशी लोकांचा गोंधळ काही कमी नाही. पण तिथे खात्याने निदान त्यांच्या प्रश्नाला प्रश्न मानून लेखी उत्तर दिलंय. ते मला मोठं वाटलं.

यानंतर मी घरातल्या मोठ्या गाडीची विमा पॉलिसी काढली. इतकी वर्षं तिचं पहिलं पान आणि हप्त्याची रक्कम एवढंच पाहत होते. आतल्या पानावर ‘वापराच्या मर्यादा’ असं शीर्षक आहे. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय की भाडं किंवा मोबदला, नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक, संघटित शर्यत, वेगचाचणी, आणि मोटार व्यवसायाशी संबंधित कोणताही वापर या पॉलिसीत धरलेला नाही. मी ते वाक्य भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यातले दोन शब्द, माल आणि शर्यत, थेट आमच्याबद्दल होते. दंड भरून माणूस घरी येतो. पण ट्रॉली सुटून मागच्या मोटारसायकलवर गेली आणि विमा कंपनीने या ओळीवर बोट ठेवलं तर ती भरपाई आमच्या सात पिढ्यांना फेडावी लागली असती. ट्रॉलीचा विचार त्या रात्री संपला.

उरलं मालवाहू वाहन. इथे एक सवलत आहे जी खूप जणांना माहीत नाही. ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही तिला कलम ६६ मधल्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे परमिट लागत नाही, आणि हा केंद्राचा कायदा असल्याने देशभर लागत नाही. हे एकूण वजन म्हणजे त्या दिवशी काट्यावर भरलेलं वजन नव्हे. नोंदणी करताना वाहन आणि भार मिळून जेवढं प्रमाणित केलं तो आकडा. आरसीवर तो छापलेला असतो. परमिट सुटलं तरी फिटनेस, पीयूसी, मालवाहू वर्गाचा विमा आणि पिवळी पाटी यातलं काही सुटत नाही. फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी.

छोटा पिकअप घेऊन टाकावा असं आमच्या मनात आलं होतं. परवान्याचीही अडचण नव्हती. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला कायम केलं. अडचण आली साध्या लांबीची. एस्टीम ४,०९५ मिलिमीटर लांब. तीन टनांच्या आतल्या पिकअपचा हौदा नऊ-दहा फुटांचा. म्हणजे मागचा एक मीटर गाडी फाळक्याबाहेर लोंबणार. आणि माल वाहनाच्या बाहेर डोकावला की कलम १९४ प्रमाणे वीस हजारांचा दंड आहे.

शेवटी चौदा फुटी आयशर भाड्याने घ्यायचं ठरलं. वसई फाट्याजवळच्या स्टँडवर पहिल्या ज्या टेम्पोवाल्याशी बोललो त्याच्याकडे फक्त महाराष्ट्राचं परमिट होतं. “कोल्हापूरपर्यंत नेतो, पुढे नाही,” तो सरळ म्हणाला. दुसऱ्याकडे नॅशनल परमिट होतं, गाडीवर पुढे-मागे तसं लिहिलेलं होतं, आणि तो दक्षिणेत जाऊन आलेला होता. हे काका हंगामात बैलगाडा शर्यतींचे बैलही नेतात. २०१४ ची बंदी, मग डिसेंबर २०२१ ला मिळालेली सशर्त परवानगी आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, कारण त्यांचा धंदा त्यावर हलत होता. मी त्यांना आमच्या गाडीची सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, बैल असो की मोटार, हौद्यात चढली की माल. मालकाची हौस काय ती मालकाकडे.” मॅडमच्या पुस्तकातली व्याख्या त्यांनी एका वाक्यात सांगितली होती.

त्यांनीच बिल्टी, म्हणजे माल नेण्याची पावती, करायला लावली. रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखाली, मालाची जास्त किंमत आधी जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची भरपाई भाड्याच्या दहापटीवर थांबते. आम्ही गाडीची किंमत बिल्टीवर लिहून घेतली. त्याचे थोडे पैसे जास्त पडले.

जीएसटीखाली माल हलवण्यासाठी काढावं लागणाऱ्या ई-वे बिलाने मला सगळ्यांत जास्त दमवलं. राज्याबाहेर जाणारा माल ५० हजारांवर असेल तर ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर. विक्री नसली तरी लागतं, कारण नियम मालाच्या हालचालीला लागू आहे. पण त्याच नियमाच्या परिशिष्टात वापरलेलं वैयक्तिक आणि घरगुती सामान वगळलेलं आहे. मग वापरलेली मोटार? केरळ उच्च न्यायालयासमोर २०१८ मध्ये असंच प्रकरण आलं होतं. पुदुच्चेरीत विकत घेतलेली महागडी गाडी ट्रकवर चढवून तिरुवनंतपुरमकडे नेताना कर खात्याने अडवली होती, आणि न्यायालयाने ती मालकाची वापरलेली वैयक्तिक वस्तू मानली. म्हणजे कायदा आमच्या बाजूने होता असं म्हणता येतं. तरीही आम्ही बिल काढलं. जीएसटी नोंदणी नसलेल्या सामान्य माणसाला त्या पोर्टलवर नागरिक म्हणून बिल काढता येतं, आणि दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. न्यायालयात जिंकण्यापेक्षा नाक्यावर न थांबणं आम्हाला हवं होतं.

गाडी चढवली वालीवच्या एका गोदामाच्या धक्क्यावरून. तिथे उंची ट्रकच्या हौद्याएवढी असते, रॅम्प लागत नाही. भाऊ एस्टीम हळूहळू पुढे नेत होता आणि बाबा हौद्यात उभे राहून हाताने इशारे करत होते. पुढे-मागे मिळून जेमतेम सतरा सेंटिमीटर जागा उरली. दोन्ही बाजूंना एवढी अडचण की दार उघडेना. भाऊ खिडकीतून बाहेर आला. मग बांधायचं. हेल्परने पट्टे गाडीच्या अंगाला, खालच्या चौकटीला अडकवायला घेतले. बाबांनी थांबवलं. पट्टे चाकांवरून घ्यायला लावले. मला कारण लगेच पटलं, वर्गात दरवर्षी शिकवते ते स्प्रिंगचं गणित. गाडीचं अंग खाली ओढून बांधलं की स्प्रिंगा दबतात. रस्त्यात खड्डा आला की त्या अजून दबतात, त्या क्षणी पट्टा सैल पडतो, आणि असे हजार खड्डे झाले की हुक निसटतो. चाक बांधलं की अंग स्प्रिंगवर खालीवर होत राहतं आणि पट्टा मात्र ताणलेलाच राहतो. चारही चाकांना पट्टे, पुढे-मागे लाकडी गुटके हौद्याच्या फळ्यांना खिळलेले, पहिला गिअर, बॅटरीची वायर काढलेली. मग धर्मकाटा. ट्रक आधी रिकामा तोलला होता, आता भरलेला. फरक गाडी, टायर आणि अवजारं मिळून सव्वा टनाच्या आत. कुणी वजन विचारलं असतं तर त्या पावतीनेच आमचं सगळं सांगितलं असतं.

पेट्रोलबद्दलही विचारून घेतलं होतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल तीस लीटरपर्यंतच परवान्याशिवाय ठेवता किंवा नेता येतं, आणि धातूच्या एका डब्यात पंचवीस लीटरपेक्षा जास्त नाही. आम्ही डबे नेलेच नाहीत. कोइमतूरला पंप आहेत. आणि हौद्यातल्या गाडीत बसून कुणी प्रवास केला नाही. पोरांना तसं करताना पाहिलंय, म्हणून मुद्दाम लिहिते. मालाच्या हौद्यात माणूस असेल तर अपघातात त्याच्या घरच्यांच्या हाताला काही लागणं फार कठीण.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. कामण-भिवंडीकडून बाहेर पडलो, ट्रकच्या मागे आमची मोठी गाडी, तिच्यात बाबा, भाऊ आणि मी. कोगनोळी ओलांडून कर्नाटकात शिरल्यावर रात्री एका ठिकाणी ट्रक बाजूला घ्यायला लावला. “या गाडीला नंबर का नाही?” हा पहिला प्रश्न. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र, दोघांच्या नावाची खरेदीपावती, शर्यतीच्या प्रवेशाचं पत्र, बिल्टी, ई-वे बिल, काट्याची पावती, सगळं एका फायलीत क्रमाने लावलेलं होतं. त्यांनी चॅसी नंबर टॉर्च मारून कागदाशी ताडून पाहिला आणि सोडलं. चहा गार व्हायच्या आत आम्ही पुन्हा रस्त्यावर होतो. शर्यतीत भाऊ मागच्या फळीत राहिला. त्याबद्दल तो स्वतः लिहील.

माझी परिवहन खात्याला आणि या खेळाच्या संघटनेला मनापासून विनंती आहे. हौशी शर्यतवाल्यांसाठी, बैलगाडावाल्यांसाठी, होड्या आणि घोडे नेणाऱ्यांसाठी एक साधं मराठी पत्रक काढा. ट्रेलरमधलं वैयक्तिक सामान म्हणजे नेमकं काय, नोंदणी रद्द झालेली गाडी हौद्यात असेल तर कोणता कागद दाखवायचा, आणि खाजगी गाडीमागे छोटा ट्रेलर लावायचा असेल तर नोंदणीची पद्धत काय, एवढं दोन पानांत मावतं. नियम कमी करा असं मी म्हणत नाही. घाटात मागून येणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते आहेत आणि मला ते सगळे पटले. पण ते कळायला एका शिक्षिकेला इतकं फिरावं लागू नये. तोपर्यंत वसईतल्या, नालासोपाऱ्यातल्या, विरारच्या नव्या पोरांना माझं सांगणं एवढंच: शर्यतीची प्रवेश फी भरण्याआधी ट्रकवाल्याची आरसी, परमिट आणि विम्याचं आतलं पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.